मागच्या दाराचं कुलूप

मी, हीबर लामार स्टॅकहाउस, वय चोवीस, मूळचा टोबिन क्रीक, युटा इथला, हल्ली नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर मजूर, शुद्धीवर असताना, दारू न पिता आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा आठवीपर्यंत, तीही आमच्या पंथाची. तेव्हा कायद्याचा शब्द चुकला असेल तिथे अर्थ धरावा, शब्द सोडून द्यावा.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं शेजारच्या खाटेवरचा रूबेन विचारतो. "तुझ्याकडे आहे काय रे? एक गाडी नि एक जोडी बूट!" गेल्या महिन्यात आमच्यातला एक जण पाइपाखाली सापडून गेला. त्याचं सामान मुकादमाने कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलं. ती पिशवी कुणाला द्यायची ते माहीत नसल्यामुळे अजून ऑफिसात पडून आहे. म्हणून लिहितो आहे. शिवाय माझ्याकडे एक घर आहे, आणि तेच खरं दुखणं आहे.

कलम एक. लाल पिकअप गाडी माझी सख्खी बहीण व्हर्ला हिला. आमच्या पंथात लाल रंग वर्ज्य. बाहेर पडल्यावर पहिली मोठी वस्तू मी मुद्दाम लाल घेतली. व्हर्लाला बाहेर येऊन तीन वर्षं झाली, तरी लाल दिसलं की ती नजर खाली घालते. तिने ही गाडी विकू नये. धुवावी, चालवावी, सवय करून घ्यावी.

कलम दोन. निळ्या दांड्याचा हातोडा भाऊ जेरल्ड याला. माझ्या वडिलांना चार बायका. जेरल्ड थोरल्या झेल्डाआईचा, मी आणि व्हर्ला तिसऱ्या रोवीनाआईचे. मी सोळा वर्षांचा असताना माझ्या खिशात गाण्यांचा रेडिओ सापडला, तेव्हा ऑरिनकाकांनी, म्हणजे आमच्या प्रेषितांनी, मला घालवून द्यायला सांगितलं. जेरल्डने मला हायवेवर नेऊन उतरवलं. छपरं ठोकायचा माझा हातोडा मी हातात घेतला होता.

"हातोडा ठेव गाडीत. कामाचा आहे."

"आणि मी?"

"तू कुठे कामाचा आहेस?"

तो हसला नाही, रडलाही नाही. गाडी वळवून निघून गेला. तेव्हापासून हातोडा त्याच्याकडेच आहे, आता कायद्यानेही त्याचा झाला. त्याच्या बदल्यात मी त्याच्यावर एक काम टाकतो आहे, ते पुढे येईल.

कलम तीन. टोबिन क्रीकचं घर. ते माझं कसं झालं ते आधी सांगणं भाग आहे.

गावातली सगळी घरं पंथाच्या ट्रस्टची होती. कोर्टाने ट्रस्ट ताब्यात घेतला आणि म्हटलं, ज्यांनी घरं बांधली त्यांनी सही करावी आणि नावावर करून घ्यावीत. ऑरिनकाकांचं फर्मान निघालं, कोर्टाच्या कागदाला जो हात लावील तो आपला नाही. वडिलांना तर त्यांनी आधीच पश्चात्ताप करायला दूर धाडलं होतं आणि बाकीच्या आया इकडेतिकडे गेल्या होत्या. घरात राहिली माझी आई आणि तिची लहान मुलं. त्या छपराची उत्तरेची बाजू मी बाराव्या वर्षी स्वतः ठोकली आहे. मी जाऊन सही केली. घर माझं झालं.

आईला हे ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण आमच्याकडे ठाऊक असणं वेगळं आणि कुणी तोंडावर सांगणं वेगळं. पंथ सोडलेल्याच्या छपराखाली राहणं पाप. छप्पर कुणाचं हे विचारलंच नाही तर पाप लागत नाही. आईने कधी विचारलं नाही. पाव भाजले, अंगण झाडलं, मुलींच्या वेण्या घातल्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग टीव्हीवरची ती मालिका आली, आमच्यासारख्या पंथांतून बाहेर पडलेल्यांची. व्हर्लाच्या सुटकेचा भाग लोकांनी खूप पाहिला होता. निर्माती केंड्रा मला म्हणाली, "हीबर, तू आईच्या हातात घराची किल्ली ठेवतोयस! केवढा क्षण असेल तो!" मलाही तसंच वाटलं. केंड्राने भरीला घातलं असं इथे मी लिहिणार नाही. ज्या पोराला हायवेवर सोडलं तो घरमालक होऊन आला, हे सगळ्या देशाने पाहावं असं मला वाटत होतं. आईचा विचार नंतर.

आईने दार उघडलं. माझ्या मागे कॅमेरे. मी म्हटलं, "आई, घर माझ्या नावावर झालं. ही किल्ली तुझी."

दारावर आलेल्या फेरीवाल्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "आज काही नको हो आम्हाला," म्हणाली. "आणि ऊन फार आहे, डोक्यावर टोपी घालत जा." मग हलक्या हाताने दार लावलं.

मला तिथेच कळायला हवं होतं. आपण काही ऐकलंच नाही असं म्हणायला तिने जागा ठेवली होती.

केंड्रा म्हणाली, "माइक जॅकेटला घासला रे. परत एकदा कर. आणि किल्ली जरा वर धर, दिसत नाहीये."

मी परत दार वाजवलं. किल्ली वर धरली. मोठ्याने बोललो.

आई म्हणाली, "हीब, हे तू बोलायला नको होतंस रे."

दुसऱ्या दिवशी ती मुलांना घेऊन निघाली. शिलाई मशीन ट्रेलरवर चढवायला जेरल्ड आला होता. मी रस्त्यापलीकडे माझ्या लाल गाडीत बसून पाहत होतो. ती गेल्यावर आत गेलो. फरशी पुसलेली, खिडक्या धुतलेल्या, शेगडीच्या जाळ्या घासून ठेवलेल्या. परक्या मालकाला घर परत द्यावं तसं. आता ती टेकडीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते. हिवाळाही तिथेच काढला.

टीव्हीवर दार लागताना संगीत वाजवलं होतं. टोपीचं वाक्य कापून टाकलं होतं. लोकांनी लिहिलं, आई आहे की दगड.

कलम चार. घर व्हर्लाला, पण या अटींवर. ते आईला देऊ नये. कुणीही, कधीही. तिला किल्ली दाखवू नये, सही मागू नये, माझं नाव काढू नये. मागच्या दाराचं कुलूप काढून टाकावं. वीज आणि पाणी चालू ठेवावं. घरपट्टी माझ्या बँकेतल्या शिलकीतून भरावी. अंगणात कॅमेरा येता कामा नये. मग जेरल्डने, जो अजून आत आहे आणि ज्याचं बोलणं आईला ऐकून घेता येतं, तिला एवढंच सांगावं, "रोवीनाआई, मागचं दार वाऱ्याने आपटतंय." यापुढे एक शब्द नाही. दार आपटलेलं तिला सहन होत नाही. लावायला जाईल. आत उंदीर झाले असतील, झाडू हातात घेईल. पुढचं तिच्यावर.

कलम पाच. बूट रूबेनला. त्याला मोठे होतील, दोन मोजे चढवावेत आणि माझ्या इस्टेटीला हसू नये.

पुरवणी. साक्षीदार म्हणून सही करायला तळावरची स्वयंपाकीण डॉटीबाई आली. पिठाचे हात पुसून तिने सगळं वाचलं, मग म्हणाली, "एवढं करायला तुला मरायलाच हवं का रे, मेल्या?"

मी व्हर्लाला फोन लावला, ती टोबिन क्रीकपासून तासाभरावर राहते. मागच्या दाराच्या कुलपाचे स्क्रू कसे काढायचे ते सांगायला लागलो.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "त्याच दारातून बाहेर पडलेय मी."

संध्याकाळी तिने कळवलं, कुलूप निघालं. जेरल्डचा नंबरही तिनेच मिळवला. त्याने फोन उचलला. आठ वर्षांनी मी त्याच्याशी बोललो ते वर लिहिलेलं एकच वाक्य.

तो म्हणाला, "आज वारा नाहीये."

मी फोन ठेवणार होतो.

"उद्या सुटेल बहुतेक," तो म्हणाला, आणि त्यानेच फोन ठेवला.

तरी कलम चार रद्द समजू नये. वाऱ्याचा भरवसा नाही.

ठिकाण: कामगार तळ, विलिस्टनजवळ, नॉर्थ डकोटा
तारीख: ९ मार्च २०१९

सही: हीबर लामार स्टॅकहाउस

आमच्यासमोर त्याने सही केली, तेव्हा तो शुद्धीवर होता:
१. रूबेन अर्सोला, वेल्डर. बूट मिळाले तर घालीन, पण घाई नाही.
२. डॉटी हॅल्व्हर्सन, स्वयंपाकीण