मध्यस्थाची गोणी

३ जून, सोमवार. सकाळी साडेसात.
पाचचा गजर लावला होता. घड्याळ भिकार.

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने लेखी पुरावा मागे ठेवावा, नाहीतर श्रेय मेहुणे खातात. माझ्या बाबतीत तर मेहुणा कारखान्यातच आहे.

परिस्थिती अशी. सासरेबुवांचा प्लास्टिकचा कारखाना. महिनाअखेर ते बाजूला होणार. काचेच्या केबिनमध्ये त्यांचा मुलगा बसणार की जावई, म्हणजे मी, हे एका पेटीवर ठरणार आहे. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंना हत्यारं ठेवायची, पडली तरी न फुटणारी पेटी हवी आहे. आमची पेटी पडली की तडकते. जो ती सुधारेल तो केबिनमध्ये. मेहुणा कसली सुधारतोय? चहा आणि मान हलवणे यापलीकडे त्या देहाची हालचाल नाही.

संकल्प: (१) पाचला उठणे. (२) कोणालाही तोंडावर मूर्ख म्हणायचं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

४ जून
पेटी सुधारली. म्हणजे डोक्यात. आमचं नेहमीचं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन: हलकं, स्वस्त, पण फटक्याला तडकणारं. नायलॉन चिवट, पण महाग. दोन्हींचे दाणे एकत्र वितळवायचे, झालं! याचा चिवटपणा, त्याचा हलकेपणा. इतकी वर्षं हे कोणाला सुचलं नाही, यावरून इथल्या डोक्यांची कल्पना यावी.

लॅबमधल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सुचलंय सगळ्यांना, पण ही दोन आपणहून मिसळत नाहीत, म्हणून तर मध्यस्थ लागतो. मध्यस्थ म्हणजे कोपऱ्यातल्या गोणीतले तिसरे दाणे. गोणीवरचं खरं नाव इतकं लांब आहे की कारखान्यात सगळे मध्यस्थच म्हणतात. बाई म्हणाल्या, तो एका हाताने याला धरतो, दुसऱ्या हाताने त्याला. मी म्हटलं, अरे वा, दाण्यांना हातपण फुटले का! हसल्या नाहीत. बाईंना रसायनशास्त्र येतं, विनोद येत नाही.

६ जून
मेहुणीचा पाय मोडला म्हणून आमची ही तिच्याकडे गेली. जाताना म्हणाली, बाबांशी जपून बोला, मी इथे नाहीये आणि तिथे सकाळी फोनलाही वेळ मिळणार नाही. जणू मी आजवर हिच्या जिवावर बोलतोय! सासरेबुवांचं आणि माझं उत्तम जमतं आणि ते माझ्या स्वभावामुळे. हिला काय ठाऊक? रोज सकाळी बापलेकीचं फोनवर अर्धा तास गुळपीठ चालतं, तेवढा वेळ माझा चहा गार होतो. आता शांतता.

(उठलो सव्वाआठला. घरात कोणी उठवणारं नाही, हा माझा दोष नव्हे.)

७ जून
मोठा निर्णय. मध्यस्थ बंद!

या जगात मध्यस्थाने कोणाचं भलं केलंय? घराचा दलाल म्हणाला होता, चोवीस तास पाणी. आमचं लग्न जमवणारे काका म्हणाले होते, सासरे शांत स्वभावाचे आहेत. मधले लोक फक्त खातात. दोन चांगल्या वस्तू समोरासमोर आणाव्यात, त्या बघून घेतील एकमेकींना.

लॅबच्या बाई म्हणाल्या, लिहून द्या. दिलं. ‘मध्यस्थाची गरज नाही’, खाली झोकदार सही. त्यांनी तो कागद नोटिस बोर्डावर लावला. हळूहळू का होईना, माझी कदर होऊ लागली आहे.

१० जून
पहिला घाणा. एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दाणे वितळवून मिसळणाऱ्या मशीनमधून, प्लास्टिकच्या दोऱ्या बाहेर पडतात, त्या खरबरीत निघाल्या आणि मध्येच तुटत होत्या. मशीनवाला म्हणाला, माल एकजीव होत नाहीये. नाचता येईना अंगण वाकडं! त्याला म्हटलं, मशीन पूस.

पण त्यांच्या तुकड्यांची पेटी साच्यातून काय सुंदर आली! अंगावर मोत्यासारखी झाक. जिन्यावरून खाली सोडली. फुटली नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

मेहुण्याने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, कडेला जरा पापुद्रा सुटतोय. मी म्हटलं, तुझी नखं वाढलीत. आणि मूर्ख म्हटलं. संकल्प मोडला, पण सत्यापुढे संकल्प काय चीज आहे? तो चहा प्यायला निघून गेला.

११ जून
सासरेबुवा काल विनाकारण भडकले. माझं एवढंच म्हणणं होतं की हा कारखाना गाढवांनी भरला आहे आणि काही गाढवं घरातलीच आहेत. पूर्वी याहून कडक बोललो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसून, या जावईबापू, म्हणायचे. आज सकाळी मात्र बघितलंसुद्धा नाही. वय झालं. केबिन माझ्याकडे येणं त्यांच्याच प्रकृतीच्या हिताचं आहे.

१३ जून
मालकीणबाई आल्या. नीट लिहितो, पुढे कोणी विपर्यास करू नये.

टेबलावर माझी पेटी. समोर बाई, शेजारी सासरेबुवा, दाराशी मेहुणा आणि लॅबवाल्या. मी उभा राहून बोलत होतो. माझं भाषण उत्तम चाललं होतं. चिवटपणा, हलकेपणा, दोन स्वभावांचा संगम, वगैरे. बाईंचं लक्ष होतं, पण बोटं पेटीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. नखाला काहीतरी लागलं. त्यांनी ओढलं. एक पापुद्रा निघाला.

मी आवाज वाढवला. त्यांनी दुसरा काढला. मग खाली आणखी एक होता. बाईंना तो नादच लागला, कांदा सोलावा तसा. मी ‘एकजीव’ या शब्दावर होतो तेव्हा सासरेबुवांनीही चष्मा लावला आणि आपल्या बाजूने सोलायला घेतलं. माझं भाषण संपलं तेव्हा टेबलावर टरफलांचा ढीग होता आणि पेटीला कोपरा नव्हता.

बाई हात झटकून म्हणाल्या, हत्यारं ठेवायची कशात?

मग मेहुणा बाहेर गेला आणि एक पेटी घेऊन आला. माझंच प्रमाण, माझेच दाणे, फक्त मध्यस्थाची मूठ टाकलेली. बाईंनी नख लावून पाहिलं. खाली आपटली. वर उभ्या राहिल्या. काही झालं नाही. चांगल्या वजनदार आहेत, तरी काही झालं नाही.

कल्पना माझीच होती, हे मी दोनदा सांगितलं.

१४ जून
महिनाअखेरीला मेहुणा केबिनमध्ये, हे ठरलं. चहा आता काचेआड पिणार, एवढाच फरक.

सासरेबुवांनी मला बोलावलं. म्हणाले, जावईबापू, सोमवारपासून तुम्ही येऊ नका. फक्त केबिनमध्ये असं नव्हे, कारखान्यातच. मी म्हटलं, एका पेटीसाठी? ते म्हणाले, पेटीचं काय, पेट्या पुष्कळ फुटल्या. सहा तारखेपासून तुम्ही मला थेट ऐकू येताय, ते झेपत नाही.

याचा अर्थ लागला नाही. नोटिस बोर्डावर कागद अजून आहे. सहीखाली कोणीतरी हसरा चेहरा काढलाय.

१५ जून, शनिवार. सकाळी सहा.
झोपच लागली नाही, म्हणून लवकर उठलो.

हिला फोन केला. सहज. मेहुणीच्या पायाची चौकशी केली. मग सगळं सांगितलं. ही म्हणाली, मी रोज सकाळी बाबांना काय सांगत होते असं वाटलं तुम्हाला? तुम्ही आदल्या दिवशी जे बोललात ते त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, बाबा, त्यांच्या मनात तसं नव्हतं. रोज. लग्न झाल्यापासून.

मी म्हटलं, माझ्या मनात तसंच होतं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे.

चहा केला होता, तो गार झाला. मग तिनेच विचारलं, बोलू का बाबांशी?

म्हटलं, बोल. चांगला अर्धा तास बोल.