बाजाराच्या दिवशीची मोजणी

आप्पा, तुम्ही गेलात त्याला पंधरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडले आहे.

मी पुण्यात बसमार्ग आखणाऱ्या ऑफिसात काम करते. नगर रस्त्यावर बससाठी वेगळी लेन करायची आणि शिक्रापूरहून एक फाटा आपल्या तळेगावपर्यंत न्यायचा, असा आराखडा होता. रोज किती माणसं ये-जा करतात त्यावर फाट्याचा निधी ठरणार होता. मोजणीचे तक्ते माझ्याकडे आले तेव्हा आकडा हवा त्याहून बराच वर होता. मग मी तारीख पाहिली. मोजणारे बाहेरगावचे होते. त्यांनी नेमका आठवडे बाजाराचा दिवस धरला होता.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला अंक शिकवलेत ते तुमच्या ड्यूटीच्या गाडीत. बाजाराचा दिवस आहे, मी कंडक्टरच्या सीटवर तुम्हाला चिकटून बसले आहे, आणि शहाऐंशी डोकी मोजल्याचा मला कोण आनंद झाला आहे. "ही गर्दी आजच्यापुरती. उद्या मोज," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी गाडीत जेमतेम एकतीस माणसं होती. मला वाईट वाटलं, मी अडतीस सांगितले. तुम्ही तिकिटांची पेटी बंद केलीत. "वरची सात कुठं बसल्यात, दाव मला." मला दाखवता येईना. शिरूर येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

"सर, तो बाजाराचा दिवस होता," मी साहेबांना सांगितलं.

"मॅडम, आकडा जास्त आला म्हणून कोणी रडतं का? तळेगावचा बाजार कधी असतो हे निधी देणाऱ्यांना काय माहीत? आणि गाव तुमचंच ना?"

गाव माझंच. आई आजही गुडघ्यांच्या औषधाला शिक्रापूरला जाते ती जीपच्या मागच्या फळीवर पाय आखडून. हे सगळं माहीत असूनही मी दोन दिवस मागून घेतले आणि बाजार नसलेल्या दिवशी स्वतः जीपच्या थांब्यावर पहाटेपासून उभी राहिले. दुपारी एक जीपवाला हसत म्हणाला, "ताई, कितींदा मोजताय? वाढत्यात व्हय माणसं?" वाढत नव्हती. संध्याकाळी बेरीज केली तर आकडा थोडासाच कमी पडत होता. इतका थोडा, की दोन भरलेल्या जीपा जास्त लिहिल्या असत्या तरी भागलं असतं. तपासायला कोणी येणार नव्हतं. मी पेन्सिल हातात घेतली. त्या माणसांना कुठं बसवू, ते मला सुचेना. होता तोच आकडा लिहून दिला. फाटा रद्द झाला, लेन आता शिक्रापूरलाच संपणार आहे.

काल आईचा फोन आला.

"आपल्या गावची गाडी कापली म्हणं. कुणी कापली गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"आसूंदे. जीप हायच. जेवलीस का?"

जेवले, म्हणाले. तेही खरं नव्हतं. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला लिहिणं सोपं आहे म्हणूनच मी लिहिते आहे. सांगायला हवं ते आईला, आणि रविवारी घरी यायचं मी कामाचं कारण देऊन टाळलं आहे.