नाश्त्याच्या वेळचे पक्षी

४ जानेवारी
आलो एकदाचा. जागा सुरेख आहे. लॉन्ड्रीच्या मागे खोली मिळाली: खाट, पंखा, भिंतीत दोन खिळे. काम सोपं आहे. रिसॉर्टच्या आवारात सव्वीस स्पीकर आहेत, काही झाडांत, काही नकली दगडांत. सकाळी सात ते दहा, पाहुणे नाश्ता करत असताना, त्यांतून जंगलातल्या पक्ष्यांचं रेकॉर्डिंग वाजतं. ते बंद पडू द्यायचं नाही. धाकटी बहीण गेल्याला आठ महिने झाले. आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

५ जानेवारी
खरे पक्षी कुठे आहेत, असं माळीमामांना विचारलं. ते म्हणाले, रोज संध्याकाळी डासांसाठी धूर मारतात, किडे संपले, मग पक्षी काय हवा खाणार? शिवाय मॅनेजरसाहेबांना स्पीकरमधलेच बरे वाटतात, ते खुर्च्यांवर हगत नाहीत. मी हसलो.

७ जानेवारी
एक दगड उघडून स्पीकर कानाशी धरला. पक्ष्यांच्या मधेच, अगदी हळू, कुणीतरी ‘च्च’ केलं. धाकटीच ती. रेकॉर्डिंग करताना मधे गाडी वाजली की ती असंच करायची.
म्हणजे ही तीच टेकडी. तीन वर्षांपूर्वी रिसॉर्टच्या कंपनीने तिला इथल्या पक्ष्यांची पाहणी करायला लावलं, तेव्हा एकदा मीही आलो होतो, मागच्या पायवाटेने. तिने मला उंबराखाली बसवलं आणि दटावलं, दादा, हलू नकोस, तुझ्या चपला वाजतात. तेव्हा इथे जंगल होतं. मी जागा ओळखलीच नाही.
इथे बांधू नका, असं तिने लिहून दिलं होतं. कागद गहाळ झाले, असं कंपनीने कळवलं. गेल्या वर्षी, बांधकाम चालू असताना, ती पुन्हा मोजायला आली, ताप घेऊन परतली आणि उठलीच नाही. कागद गहाळ झाले, आवाज मात्र सापडले.
तिने जन्मभर पक्ष्यांचे आवाज घेतले, स्वतःचा एकदाही नाही. घरी तिचा आवाज कुठेच नाही. इथे आहे, नाश्त्याला.

८ जानेवारी
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ताईंना आनंदच झाला असता, पाहुणे फार तारीफ करतात. बोलताना पपई खात होते. मी मान डोलावून बाहेर आलो. का डोलावली?

११ जानेवारी
नव्या चाळीस बंगल्यांसाठी उतारावरची झाडं पाडतायत. आज रेकॉर्डिंगमधून धनेश गायब. वायरी तपासल्या, ठीक आहेत. रेकॉर्डिंगची लांबी तेवढीच. धनेशाच्या जागी नुसती पोकळी.

१३ जानेवारी
सुतारपक्षी गेला, हळद्या गेला. धाकटीची वही माझ्याकडे आहे, कोणता आवाज कोणत्या झाडाखाली घेतला ते तीत लिहिलंय. झाड पडतं त्या दिवशी त्याचा पक्षी जातो. माझ्या फोनवरच्या कॉपीतूनही गेला. तो ‘च्च’ असलेला भाग उंबराखालचा आहे. उंबरावर आज लाल पट्टा ओढलाय.

१४ जानेवारी
उंबर सोडा म्हणून साहेबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, त्या झाडाला काय सोनं लागलंय? तुमचं रेकॉर्डिंग बिघडलंच आहे, लाटांचं नवं मागवलंय.
पाया पडलो याची लाज वाटते. त्या हाताने खुर्ची उचलायला हवी होती.

१६ जानेवारी
रेकॉर्डिंगमध्ये आता करवत ऐकू येते. तीन वर्षांपूर्वी इथे करवत नव्हती. आणि धाकटी ‘च्च’ करते — पुन्हा — पुन्हा. पाहुणे खातायत. एकानेही मान वर केली नाही —

१७ जानेवारी, सकाळ
उंबराखाली बसलोय, पाठ खोडाला. करवतवाला म्हणाला, काका उठा, माझ्या कामाची खोटी करू नका. साहेब आले. म्हणाले, चालू कर, आपोआप उठेल.
फांदीवरच्या स्पीकरची वायर मी तोडली. माझ्या हातात आहे. तरी वाजतोय.
आतून चपला घासल्या — माझ्याच — मग ती बोलली. तेव्हाचंच. दादा, हलू नकोस.
हलत नाही.
करवत सुरू — खोड पाठीशी थरथरतंय — ती आता मोठ्याने — दादा, ह