दर्यातल्या बाईचा मासा

हंसा,

काल डहाणूच्या बाजारात ती भाजीवाली माझ्याकडे बघून तुला म्हणाली, "आजी, नात लग्नाची झाली की!" तू हसलीस, पण घरी येऊन जेवली नाहीस.

तुला कधी सांगितलं नाही. लहानपणी तू तापाने फणफणलीस, तेव्हा दर्यातल्या बाईने तुझ्यासाठी अमरपणाचा मासा दिला होता. मी त्याचं कालवण केलं आणि सवयीने मीठ बघायला पहिला घोट मीच घेतला. ताप तुझा उतरला, पण वरदान पहिल्या घोटालाच होतं; वय माझं थांबलं. आता तू सत्तरीची आणि तुझी आई पंचविशीची. तुला पोचवून मागे राहणं मला जमणार नाही, बाय.

म्हणून ते वरदान परत करायला ओहोटीबरोबर जाते आहे. संध्याकाळी दारात एखादी खूप वाकलेली म्हातारी दिसली तर घाबरू नकोस, हात धरून आत घे.

पोरं रोजच्यासारखी माझ्याकडे अक्षरं शिकायला येतील. बारकीला 'ळ' अजून जमत नाही. ओरडू नकोस, बोट धरून वाळूत गिरवून घे. तुलाही तो असाच आला होता.

बोंबलांचं कालवण चुलीवर आहे. मीठ मी बघितलेलं नाही. आज तू बघ.

आई