पुरातून परत येणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

उद्या नाना तुझा पालाशविधी करणार आहेत. देह हाती नसला की करतात तो. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला तुझं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा. दुपारी नाना आईला हे सांगत होते तेव्हा मी तांदूळ निवडत होते, तो हात सुपातच राहिला. आजवर या घरात ‘दादा गेला’ असं कुणी तोंडातून काढलेलं नाही, आणि आता एकदम जाळायचं? म्हणून लिहायला बसले. गेलेल्या माणसाला लिहावं तसं मी तुला लिहिते आहे, हे अजून खरं वाटत नाही.

खरं वाटेल तरी कसं? तू बुडाला असतास तर रडून मोकळी झाले असते. ती भीती आम्हाला सवयीची होती. दर श्रावणात गंगा पायऱ्या गिळत वर यायची, तुम्ही पोरं पंचगंगा घाटावरून उड्या टाकायचात, आणि आई देवघरात तोंड फिरवून बसायची. पैलतीराला हात लावून परत यायचं, अशी ती शर्यत. बाकीचे वाहत वाहत पार खालच्या घाटांपलीकडे जायचे आणि तिथून वर येणाऱ्या होड्यांना धरून परतायचे. तू आधी काठाकाठाने वर चालत जायचास, तिथून तिरका सुटायचास आणि येताना बरोबर आपल्याच पायऱ्यांना लागायचास. मी वरच्या खिडकीतून बघायचे. सगळ्या काशीत माझ्या दादासारखा पोहणारा नाही, हे मला कुणी सांगायला लागत नव्हतं.

कलेक्टरसाहेबाच्या मडमेनं तुला पोहण्याचं बक्षीस म्हणून चांदीचा पेला दिला तो दिवस आठवतो? अख्खी गल्ली मागे मागे आली होती, आणि नानांनी दारातच अडवून पेल्यावर गोमूत्र शिंपडलं. तू म्हणालास, “नाना, मलाही शिंपडा, मडमेनं हात मिळवलाय.” नाना इतके हसले की मंत्र विसरले.

असा तू. यंदाही पुरातून जाऊन आलास. वर आलास, कोनाड्यात ठेवलेलं धोतर उचललंस, आणि पुरानं वर चढलेला साप त्यातच बसला होता. एवढंच. झाडणारे आले, कडुनिंबाचा पाला चावायला दिला, तो तुला कडू लागेना, म्हणजे विष चढलं होतं. दुपारपर्यंत सगळं आटपलं. धोतर उचलताना कुणी मरतं का रे?

मग आपला नावाडी, बिहारी मल्लाह, नानांना म्हणाला, “पंडितजी, साँप के काटे को फूँकते नहीं. गंगाजी को सौंप दीजिए. आगे कहीं कोई झाड़नेवाला मिल गया तो भैया उठ बैठेंगे.” नाना म्हणाले, “न जाळता पाण्यात सोडायचं, हे आपल्यात नाही.” आईनं त्यांचे पाय धरले. “आपल्यात नाही तर नसू दे. पण माझा मुलगा मी जळू देणार नाही.” नाना, चार प्रांतांचे लोक ज्यांच्याकडे धर्मशास्त्र विचारायला येतात त्या नानांनी मल्लाहांना हातानं खूण केली. मल्लाहांनी केळीच्या खुंटांचा तराफा बांधला. त्यावर तुला निजवलं आणि मधल्या धारेला सोडलं. तू निमूटपणे प्रवाहाबरोबर गेलास, दादा. तुला असं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर घरात काय चाललं ते तुला सांगायलाच हवं. आईच्या लेखी तू परत येणार होतास. त्यामुळे रमावहिनीचं कुंकू तसंच, बांगड्या तशाच. दिवाळीच्या पाडव्याला आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि वहिनीच्या हातात तबक दिलं. तिनं रिकाम्या पाटाला ओवाळलं. नाना दारात उभे होते. ते पाहून त्यांच्या मनानं घेतलं असावं की आता पुरे.

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तुला अग्नी दिला की वहिनी विधवा झाली, आणि मग परवा न्हावी येणार. तेही ठरलंय. वहिनी एकोणीस वर्षांची आहे, दादा.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मग हळूच म्हणाली, “वन्सं, दुखतं का हो?” मी म्हटलं, “वस्तरा नाही दुखत.” ती म्हणाली, “मला नको आहे. पण मामंजींनी म्हटलं तर मी काय करणार?”

माझ्या वेळी तू नानांशी भांडला होतास. मी चौदाची होते, नवऱ्याचा चेहराही मला धड आठवत नव्हता. पण नानांनी एकदा “ऊठ” म्हटलं आणि तू उठून गेलास. रागावू नकोस, पण पुराला न भिणारा माझा दादा त्या एका शब्दाला भ्याला, हे मला फार लागलं होतं. नंतर तू माझ्यासाठी जे केलंस ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. उजाडायच्या आत मला घाटावर न्यायचास, पाठीला वाळका भोपळा बांधायचास आणि पाण्यात ढकलायचास. पहिल्या दिवशी म्हणालास, “गोदे, तुला एक बरं आहे, केस वाळवायची कटकट नाही.” मी तुझ्यावर पाणी उडवलं, शिव्या दिल्या, आणि मग हसले. केस गेल्यापासूनचं माझं ते पहिलं हसू. त्या सकाळपासून मला तुझ्यासारखं व्हायचं होतं.

पण तुझं ते तिरकं जाणं मला जमत नाही. आज मी नानांना वहिनीचं समोरासमोरच विचारलं. ते म्हणाले, “शास्त्र मी लिहिलेलं नाही, गोदे.” मी म्हटलं, “केळीचा तराफा कुठल्या शास्त्रात होता? आईसाठी ते वाकलं, मग वहिनीसाठी का वाकत नाही?” नाना जेवत होते. त्यांनी मध्येच शेवटची आपोष्णी घेतली आणि पानावरून उठले. भात तसाच टाकून. म्हाताऱ्या बापाला मी उपाशी उठवलं, याचं वाईट वाटतंय. पण बोलल्याचं वाटत नाही.

दादा, उद्या तुला अग्नी देताना मी रडेन, पोटभर रडेन. परवा मात्र नाही. तुला वचन देते. परवा सकाळी मी दाराच्या उंबऱ्यावर बसेन, डोक्यावरचा पदर काढून. गल्लीतून स्नानाला जाणारा आपला प्रत्येक माणूस मला पाहील. न्हावी येईल, नानांना बाहेर यावं लागेल. इतकी वर्षं त्यांनी माझं डोकं पाहिलेलं नाही, मीच कधी पाहू दिलं नाही. आता नीट बघू देत. त्यानंतरही वहिनीला बाहेर बोलवायचं असेल, तर माझ्या देखत हाक मारू देत.

तुझी,
गोदी