बायकांची वेळ, दोन ते चार

१२ जून २००२, भोकरदन
वाचनालयात कॉम्प्युटर येऊन महिना झाला. इंटरनेट फुकट, शिकवणी फुकट, शिकवणारा मी, तोही फुकटच. बी.ए. होऊन घरी बसल्यापेक्षा बरं. ग्रंथपाल तात्या कॉम्प्युटरला पेपरचाच नियम लावतात. मागं माणूस थांबलंय हे ध्यानात ठेवून उठायचं. चपला बाहेर. रोज सकाळी पडद्याला उदबत्ती. धूर आत जातो म्हणलं तर, "पुस्तकांनी कधी तक्रार केली न्हाई."
दु. २ ते ४ बायकांची वेळ. एकही न्हाई आली. इथल्या बायका पुस्तकं पोरांच्या हाती मागवतात, स्वतः पायरी चढत न्हाईत.
कादंबरीचं पहिलं वाक्य परत खोडलं.

१५ जून
ताईला म्हणलं चल. "मी काय करू तिथं?" माय म्हणली जाऊ दे, घरात भिंतीकडं बघत बसती. अण्णांनी अडवलं न्हाई, म्हणजे हो.
वर्ष झालं तिला माहेरी. बाळंतपणाला आल्ती. बाळ राह्यलं न्हाई. त्यानंतर वाटूरहून न्यायला कोणीच आलं न्हाई. दाजींचा फोन न्हाई, निरोप न्हाई. अन् न्यायला आल्याशिवाय लेकीला कसं धाडायचं, हे अण्णांचं. बसलेत तिकडचे अन् इकडचे, आपापल्या ओट्यावर.

१९ जून
ताईचं ईमेलचं खातं उघडलं. नाव काय टाकायचं, माहेरचं का सासरचं? लई वेळ विचार केला तिनं. "नुस्तं मंगल टाक." नुस्तं मंगल कोणीतरी आधीच घेतलंय. पुढं आकडा पाह्यजे. तिनं पटकन टाकला. हा कसला आकडा म्हणलं, तर म्हणली, "पुढं काय दाबू?" येताना रस्त्यात कळलं. बाळ जन्मलं ती तारीख.

२८ जून
तिचा पहिला मेल मला. इंग्रजी अक्षरांत मराठी. "तुझ्या गोष्टी वाचल्या. माणसं नुस्ती खिडकीत बसून राह्यलेत. कोणाला भूक पण लागत न्हाई का रे?"
दिवसभर राग. संध्याकाळी परत वाचून पाह्यलं. बराबर आहे तिचं.

११ जुलै
आता चार-पाच जणी येतात. पाटलांच्या वहिनी पण. शिकवते ताईच, मी नावाला. "वहिनी, बटण दाबायचं, त्याच्यावर राग न्हाई काढायचा." वहिनी म्हणल्या, "मंग कोणावर काढू? घरी तर ऐकणारं कोणी न्हाई." सगळ्या हसल्या. ताई पण. तिचा आवाज बाहेर पेपरवाल्या खोलीपर्यंत आला. तात्यांनी शांतता राखायला सांगितलं न्हाई. पहिल्यांदाच.

२ ऑगस्ट
जालन्याला मस्तगडात, मावशीच्या गल्लीत, कॉम्प्युटर क्लास आहे. मालक तात्यांच्या ओळखीचे. बायकांना शिकवायला बाई पाह्यजे. "पोळा झाला की मंगलला पाठवा," म्हणले. ताई म्हणे अण्णाला तूच विचार.
अण्णा मोंढ्याच्या बाजारातून आले, पाय धुतले. विचारलं.
"राहणं?"
"मावशीकडं."
"लोकं काय म्हणतेल?"
माय चुलीपासून बोलली, "वर्षभर काय म्हणून राह्यलेत ते ऐकलंच की."
अण्णा म्हणले बघू. त्यांचं बघू म्हणजे अर्धं हो.
ताईनं आजच साड्यांना इस्त्री केली. पोळा महिन्यावर आहे अजून.

१९ ऑगस्ट
जिल्ह्यावरून साहेब आल्ते वाचनालय पाहायला. संगं पेपरवाला. कॉम्प्युटरपुढं ताई, मागं बायका, असा फोटो. पेपरवाल्यानं नाव विचारलं. तात्या खुशीत, "आमच्या रंगनाथरावांची मंगल." लहानपणापासून तिला तेच म्हणतात.

२१ ऑगस्ट
फोटो छापून आला. खाली नाव. 'कु. मंगल रंगनाथ'. पेपरवाल्यानं बापाचं नाव ऐकलं अन् कुमारी करून टाकली.
ताई म्हणली, "चला, एका दिवसात सोडवलं त्यानं मला."
माय हसली न्हाई. पेपर घडी करून पिठाच्या डब्याखाली.

२४ ऑगस्ट
वाटूरहून जीप. ताईचे सासरे, दाजी, भावकीतले दोघं. सासऱ्यांच्या खिशात पेपर.
"आम्ही वाट पाहून राह्यलो की तुम्ही पाठवताल. अन् तुम्ही आमच्या सुनेला कुमारी करून छापलं?"
अण्णांनी हात जोडले. तात्या धावत आले, म्हणले चूक माझी.
"तुम्ही कोण?"
"ग्रंथपाल."
"मंग पुस्तकं सांभाळा."
स्वयंपाक झाला. जेवले. दाजींनी परत चटणी मागून घेतली. ताईकडं पाह्यलं न्हाई. ताट वाढणारी तीच व्हती.
मी म्हणलं, पोळ्यानंतर तिचं जालन्याचं ठरलंय.
"काय ठरलंय?" सासरे.
"काही न्हाई," अण्णा म्हणले. "पोरगं बोलतंय."
आत जाऊन तिला म्हणले, "आले तरी. वर्षानं का होईना." खरंच हलकं वाटून राह्यलं व्हतं त्यांना. तेच पाहवेना.
ती माझ्याकडं पाहत राह्यली. मी तिची पिशवी उचलली.
जीपमधी बसताना म्हणली, "वहिनीचं अर्धं राह्यलंय. तेवढं शिकव."

२५ ऑगस्ट
कालचं गोष्ट करून लिहिलं. चांगलं जमलं. जमलं, हे लई वाईट वाटलं. फाडावं म्हणतो.

११ सप्टेंबर
पोळा झाला. मस्तगडात दुसरी बाई ठेवली. इथं दोन ते चार खोली रिकामी. वहिनी पण येत न्हाईत. घरचे म्हणतात, उद्या आमची पण पेपरात छापतेल.

१८ सप्टेंबर
वाटूरला जाऊन आलो. मोठं गाव, पण कॉम्प्युटर कुठंच दिसला न्हाई. फाट्यावर फोनचा डबा तेवढा. ताईच्या सासूबाई आमच्या दोघांच्या मधी बसून. "बरं आहे," ताई म्हणली. दोनदा. चहा तिनंच केला, त्यात साखर न्हाई. तसाच पिलो.
निघताना म्हणलं मेल करीन.
"कुठं वाचू?"
सासूबाईंनी विचारलं कशाचं. ताई म्हणली काही न्हाई, पुस्तकाचं.
घरी अण्णांना सांगितलं, बरं आहे.

३ ऑक्टोबर
आज अण्णा वाचनालयात. जन्मात कधी पायरी चढले न्हाईत. मोंढा टाकून, भर दुपारी. स्टुलावर बसले.
"तिचं काही आलं का?"
उघडून पाह्यलं. न्हाई.
"पुन्हा पाह्य."
पुन्हा पाह्यलं.
वाटूरला कॉम्प्युटर न्हाई, हे सांगायला पाह्यजे व्हतं. सांगितलं न्हाई.

९ ऑक्टोबर
रोज येतात आता. आज म्हणले, "आपण लिहू. लिही."
"काय?"
टोपी सारखी केली. मंग, "लिही, मायचा गुडघा बरा आहे." लिहिलं. "लिही, मावशीनं विचारलंय." लिहिलं. मंग स्टूल पुढं ओढलं. "लिही, यायचं असलं तर ये. न्यायची-आणायची वाट पाहू नको."
मी त्यांच्याकडं पाह्यलं.
"लिही की."
लिहिलं. वाचून दाखवलं. खाली 'अण्णा' टाकायला लावलं. पाठवलं.
"पोचलं का?"
"गेलं."
"मंग थांबतो थोडं," म्हणले, अन् टोपी मांडीवर काढून ठेवून पडद्याकडं पाहत बसले.