अर्विंगचं हवामान

अर्विंग, १२ मे

बाबा, तुम्हाला जयभीम.

मी बरी आहे. इथे सकाळी अजून गारवा असतो, तुम्ही पाठवलेला स्वेटर घालूनच ऑफिसला निघते. दुपारी मात्र घाम फुटतो. या आठवड्यात वादळं परत येणार, गुरुवारी गाराही पडतील म्हणतात. कार गॅरेजमध्ये ठेवलीय, काळजी करू नका. नागपुरात कूलर काढला का? गुडघा कसा आहे?

एक गोष्ट फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात आईच्या पुण्यानुमोदनाला मी आले नाही. वादळामुळे फ्लाइट कॅन्सल झाली, असं तुम्हाला सांगितलं. वादळ नव्हतं, बाबा. मी तिकीटच काढलं नव्हतं. आई नसलेल्या घरात शिरायची हिंमत झाली नाही.

काल तुम्ही सहज बोलून गेलात, की मी इकडे आल्यापासून रोज चहाआधी मोबाइलवर अर्विंगचं हवामान बघता, एक दिवसही चुकवत नाही. म्हणजे मी निघणार होते त्या दिवशी इथे आकाश स्वच्छ होतं, हेही तुम्ही पाहिलं असणार. तरी तेव्हा मला म्हणालात, "वादळात बाहेर पडू नकोस, बाळा."

जूनचं तिकीट काढलंय. खरंच काढलंय.

तुमची,
जागृती